अक्षर आणि चित्रचिन्ह : सार्वजनिक माहितीची सामायिक लिपी



महानगरातील एखाद्या मोठ्या शासकीय रुग्णालयात परराज्यातून आलेला बांधकाम मजूर आजारी मुलाला घेऊन येतो, अशी कल्पना करावी. प्रवेशद्वाराशी भला मोठा फलक आहे. केसपेपर खिडकी, बाह्यरुग्ण विभाग, क्ष-किरण, रक्त तपासणी, औषध वितरण अशी सर्व माहिती त्यावर आहे. परंतु ती त्याला न येणाऱ्या लिपीत आहे. माहिती समोर असूनही त्याच्यापुरता तो फलक कोराच ठरतो. मग विचारपूस सुरू होते, चुकीच्या रांगेत उभे राहणे होते, पुन्हा माघारी येणे होते. या धावपळीत खर्ची पडणारा वेळ हा वास्तविक उपचाराचा वेळ असतो.

ही अडचण एकट्या मजुराची नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशात दहा हजारांहून अधिक भाषक असलेल्या १२१ भाषा आहेत आणि स्थलांतरितांची संख्या सुमारे ४५ कोटी आहे. यांपैकी बहुसंख्य लोकांचे स्थलांतर राज्यांतर्गत असले, तरी भाषेची सीमा ओलांडून जाणाऱ्यांची संख्याही लहान नाही. याच जनगणनेत साक्षरतेचे प्रमाण सुमारे ७३ टक्के होते. म्हणजेच चारपैकी एका व्यक्तीसाठी कोणत्याही लिपीतील फलक निरुपयोगी होता. शासकीय सेवा नागरिकापर्यंत पोहोचणे जितके महत्त्वाचे, तितकेच नागरिकाला त्या सेवेपर्यंत पोहोचता येणे महत्त्वाचे आहे. या दुसऱ्या कामी अक्षराच्या जोडीला चित्रचिन्ह येते. ही जोडी एकाच फॉन्टमध्ये, एकाच वळणात घडविण्याचे शास्त्र हा या व्याख्यानाचा विषय आहे.

संकल्पना

गुंतागुंतीची माहिती वाचकाला कमीत कमी वेळात, चूक न होता समजेल अशा रीतीने मांडणे म्हणजे माहिती-अभिकल्प. रेल्वेचे वेळापत्रक, औषधाच्या वेष्टनावरील सूचना, नकाशा, अर्थसंकल्पातील आलेख, मतपत्रिका, रस्त्यावरील फलक हे सर्व त्याच्या कक्षेत येतात. अशा मांडणीत तीन घटक असतात : अक्षरे, अंक आणि चित्रचिन्हे. हे तीन घटक तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून आणून शेजारी ठेवले, तर रेषांची जाडी जुळत नाही, उंची जुळत नाही. चिन्ह अक्षराला दाबून टाकते किंवा अक्षरापुढे फिके पडते. वाचकाची नजर अडखळते. घाईच्या वेळी, अंधुक प्रकाशात किंवा वृद्ध दृष्टीला हा अडथळा अधिक जाणवतो. म्हणून अक्षरे ज्या हाताने आणि ज्या मापाने घडविली, त्याच मापाने चिन्हेही घडवून ती फॉन्टमध्येच अंतर्भूत करण्याची पद्धत विकसित झाली.

व्हिएन्नातील आरंभ

आधुनिक चित्रभाषेचा पाया ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथे घातला गेला. तत्त्वज्ञ व समाजशास्त्रज्ञ ऑटो न्यूराथ यांनी १९२५ मध्ये तेथे सामाजिक व आर्थिक विषयांचे संग्रहालय स्थापन केले. गृहनिर्माण, आरोग्य, रोजगार यांविषयीची आकडेवारी सामान्य कामगाराला समजावी, हा त्यामागील हेतू होता. चित्रकार गेर्ड आर्न्ट्झ यांनी या कामासाठी सुमारे चार हजार चिन्हे रेखाटली. मारी रायडेमायस्टर यांच्याकडे तज्ज्ञांची आकडेवारी चित्ररूपात उतरविण्याची जबाबदारी होती. पुढे या पद्धतीला ‘आयसोटाइप’ हे नाव मिळाले. तिच्या तक्त्यांवरील मजकुरासाठी पाउल रेनर यांचा १९२७ चा ‘फ्यूचुरा’ हा फॉन्ट वापरला जाई. साध्या भौमितिक आकारांची ही अक्षरे आर्न्ट्झ यांच्या सपाट, काळ्या आकृत्यांशी सहज मिळून येत.

आयसोटाइपचा एक नियम परीक्षार्थींनी विशेष ध्यानात ठेवावा. संख्या वाढली, तर चिन्ह मोठे करावयाचे नाही. त्याच आकाराची चिन्हे अधिक संख्येने मांडावयाची. एका वर्षाचे उत्पादन दुसऱ्या वर्षी दुप्पट झाले म्हणून पोत्याचे चित्र दुप्पट उंच काढले, तर त्याची रुंदीही दुप्पट होते व क्षेत्रफळ चौपट होते. वाचकाला वाढ दुपटीची नव्हे, चौपटीची वाटते. आकडा खरा, परंतु चित्र खोटे, अशी ही स्थिती असते. आकडेवारीवरील प्रश्न सोडविताना आणि वृत्तपत्रातील आलेख वाचताना हा भेद उपयोगी पडतो.

न्यूराथ यांच्या १९४५ मधील निधनानंतर मारी न्यूराथ यांनी १९५० च्या दशकात पश्चिम नायजेरियाच्या प्रादेशिक शासनासाठी आरोग्य, शिक्षण व शेती यांविषयीच्या पुस्तिका तयार केल्या. तेथे युरोपातील चिन्हे जशीच्या तशी चालणारी नव्हती. घर, पोशाख, अवजारे तेथील जीवनानुसार बदलावी लागली. चित्राला भाषा लागत नाही हे खरे. परंतु चित्राला देश लागतो, हा धडा त्यातून मिळाला.

क्रीडांगण, रस्ता आणि विमानतळ

१९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये जपानी लिपी न वाचता येणारे हजारो पाहुणे येणार होते. त्यासाठी मासारू कात्सुमिए यांच्या मार्गदर्शनाखाली क्रीडाप्रकारांची व सुविधांची चिन्हे पद्धतशीरपणे तयार करण्यात आली. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकसाठी ओटल आयशर यांनी ठरावीक कोनांच्या जाळीवर मानवी आकृत्या बसविल्या आणि मजकुरासाठी आद्रियान फ्रुटिगर यांचा ‘युनिव्हर्स’ हा एकच फॉन्ट सर्वत्र वापरला. ब्रिटनमध्ये जॉक किनीर व मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी रस्त्यांवरील फलकांसाठी ‘ट्रान्सपोर्ट’ नावाची अक्षरे आणि चित्रचिन्हे एकत्रितपणे घडविली. ही व्यवस्था १९६५ पासून लागू झाली. अमेरिकेच्या परिवहन विभागाने १९७४ मध्ये ३४ चिन्हांचा संच तयार करवून घेतला. १९७९ मध्ये त्यांची संख्या ५० झाली. हा संच कोणालाही विनामूल्य वापरता येतो. सार्वजनिक खर्चातून निर्माण झालेली रचना सार्वजनिक मालकीची राहिल्यामुळे ती जगभर पसरली, हे धोरणाच्या दृष्टीने उल्लेखनीय आहे.

एप्रिल १९९६ मध्ये जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ विमानतळावर आग लागून १७ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर तेथील दिशादर्शक व्यवस्था नव्याने उभारण्यात आली. एरिक श्पीकरमान व ओले शेफर यांनी त्या वेळी घडविलेल्या ‘इन्फो’ या अक्षरकुलात मजकुराच्या फॉन्टबरोबर चिन्हांचा स्वतंत्र फॉन्टही आहे. मागून प्रकाश सोडलेल्या फलकावर अक्षरांचे टोकदार कोपरे पसरट दिसतात, म्हणून अक्षरांचे कोपरे किंचित गोलसर ठेवण्यात आले. अशा बारीकसारीक निर्णयांवर फलकाची उपयुक्तता अवलंबून असते.

फॉन्टमध्ये चिन्ह कसे बसते

संगणकीय फॉन्ट म्हणजे बाह्यरेषांच्या स्वरूपात साठविलेल्या आकृत्यांचा संच होय. प्रत्येक आकृती एका अदृश्य चौकटीत बसविलेली असते. तिला आधाररेषा असते, ठरावीक उंची असते आणि दोन्ही बाजूंना मोकळी जागा असते. हे सर्व चिन्हालाही लागू करता येते. त्यामुळे फॉन्टमधील चिन्ह अक्षराप्रमाणेच लहान-मोठे करता येते, त्याचा रंग बदलता येतो, ते मजकुराच्या ओळीत वाहते आणि कितीही मोठे केले तरी त्याच्या कडा फाटत नाहीत. अक्षर ठळक केले की चिन्हही ठळक होते.

हर्मान झाफ यांचा १९७८ मधील ‘झाफ डिंगबॅट्स’ हा चिन्हांच्या फॉन्टचा प्रसिद्ध नमुना होय. चार्ल्स बिगेलो व क्रिस होम्स यांनी ‘ल्युसिडा’ या अक्षरकुलाला साजेशी चिन्हे, बाण व तारे १९९० मध्ये तयार केले. मायक्रोसॉफ्टने त्यांची फेरमांडणी करून ती ‘विंगडिंग्ज’ या नावाने १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये समाविष्ट केली. १९९६ मध्ये जाहीर झालेल्या ओपनटाइप तंत्रामुळे एका फॉन्टमध्ये हजारो आकृत्या ठेवणे शक्य झाले. शिवाय ठरावीक अक्षरे टंकित केली की त्यांच्या जागी चिन्ह उमटण्याची सोय झाली. देवनागरीत क् आणि ष यांचे क्ष व्हावे, तशीच ही प्रक्रिया आहे. अॅपलने २०१९ मध्ये आपल्या सॅन फ्रान्सिस्को या फॉन्टशी जुळणारा चिन्हसंच नऊ जाडींत व तीन आकारांत उपलब्ध केला. गूगलने २०२२ मध्ये जाडी, भरीवपणा व आकार क्रमाक्रमाने बदलता येईल असा चिन्हसंच आणला. भ्रमणध्वनीच्या लहान पडद्यावर चालणाऱ्या शासकीय सेवांना या तंत्राचा थेट उपयोग आहे.

सांकेतिक क्रमांकाचा प्रश्न

या पद्धतीत एक धोका आहे. फॉन्ट हा केवळ आकार दाखवितो. मजकुरात साठविला जातो तो सांकेतिक क्रमांक. विंगडिंग्जमध्ये चिन्हे रोमन अक्षरांच्या जागी बसविलेली होती. हसऱ्या चेहऱ्याचे चिन्ह ‘जे’ या अक्षराच्या जागी होते. त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर पत्राच्या शेवटी हसरा चेहरा न दिसता नुसते ‘जे’ अक्षर उमटे. युनिकोडपूर्व काळातील मराठी दस्तऐवज विशिष्ट फॉन्टशिवाय उघडल्यास जी अर्थहीन अक्षरमाला दिसते, तिचे कारणही हेच आहे.

रुपयाच्या चिन्हाचे उदाहरण अधिक बोलके आहे. डी. उदय कुमार यांनी तयार केलेले, देवनागरी ‘र’ आणि रोमन ‘आर’ यांचा मेळ साधणारे चिन्ह केंद्रीय मंत्रिमंडळाने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युनिकोडच्या ६.० आवृत्तीत त्याला स्वतंत्र क्रमांक मिळाला. मधल्या काळात काही फॉन्टमध्ये हे चिन्ह कळफलकावरील एका किरकोळ स्वरचिन्हाच्या जागी बसविण्यात आले होते. अशा फॉन्टमध्ये तयार केलेले देयक दुसऱ्या संगणकावर उघडले की रकमेपूर्वी रुपयाऐवजी एक तिरकी खूण दिसे. स्वतंत्र क्रमांक मिळाल्यानंतरच चिन्ह कोणत्याही फॉन्टमध्ये, कोणत्याही यंत्रावर टिकून राहू लागले.

युनिकोडच्या मूळ पटलात ६,४०० स्थाने खासगी वापरासाठी राखून ठेवली आहेत. बहुतेक फॉन्टमधील चिन्हे तेथेच बसविली जातात. त्या स्थानांना जगन्मान्य अर्थ नसतो. फॉन्ट नसल्यास तेथे रिकामी चौकट दिसते आणि दृष्टिहीन व्यक्तींसाठी मजकूर वाचून दाखविणाऱ्या संगणकप्रणालीला ते चिन्ह उच्चारता येत नाही. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ आणि ३ डिसेंबर २०१५ रोजी सुरू झालेले सुगम्य भारत अभियान यांच्या संदर्भात हा मुद्दा गौण मानता येणार नाही. चिन्हामागे वाचनीय शब्द ठेवणे, हाच त्यावरील उपाय आहे.

भारतीय लिप्यांची स्वतंत्र गरज

उपलब्ध चिन्हसंच मुख्यतः रोमन लिपीच्या मापांवर घडलेले आहेत. रोमन अक्षरे आधाररेषेवर उभी असतात, तर देवनागरी अक्षरे शिरोरेषेला लटकलेली असतात. वेलांटी, मात्रा, अनुस्वार शिरोरेषेच्या वर जातात. उकार आधाररेषेच्या खाली उतरतात. रोमन मोठ्या अक्षराच्या उंचीइतके चिन्ह देवनागरी ओळीत ठेवले, तर ते कधी मात्रांना भिडते, तर कधी खाली घसरल्यासारखे दिसते. तमिळ व मल्याळममध्ये शिरोरेषाच नाही. अक्षरे वळणदार व रुंद आहेत. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहिली जाते, त्यामुळे ओळीतील बाण व पुढे-मागे दाखविणारी चिन्हे उलटी करावी लागतात. मात्र दवाखान्याकडे जाण्याचा रस्ता ज्या बाजूला आहे, तिकडेच फलकावरील बाण दाखविला पाहिजे. लिपी बदलली म्हणून रस्ता बदलत नाही.

रेल्वे स्थानकांवर प्रादेशिक भाषा, हिंदी व इंग्रजी अशा तीन भाषांतील नामफलक परिचित आहेत. अशा फलकावर तिन्ही लिप्यांशी जुळणारे एकच चिन्ह हवे असते. त्यासाठी प्रथम त्या लिप्यांची अक्षरे एकमेकांशी जुळलेली असावी लागतात. या क्षेत्रात भारतात पायाभूत काम झाले आहे. प्रा. र. कृ. जोशी यांचा ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट विंडोजद्वारे घरोघरी पोहोचला. मुंबईतील ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्ता’ हे अक्षरकुल देवनागरी, गुजराती, गुरमुखी व तमिळ लिप्यांसाठी मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहे. अशा अक्षरकुलांना साजेशी सार्वजनिक सेवांची चिन्हे जोडणे, हा त्यापुढील स्वाभाविक टप्पा ठरतो.

भारताचा अनुभव

अक्षर आणि चिन्ह शेजारी ठेवण्याचा फार मोठा प्रयोग भारतातच झाला आहे. १९५१ च्या जनगणनेत साक्षरता अवघी १८.३३ टक्के होती. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची मतपेटी स्वतंत्र होती आणि तिच्यावर त्याचे निवडणूक चिन्ह लावलेले होते. बैलजोडी, झोपडी अशी नित्य परिचयाची चित्रे मतदाराला वाचता येत होती. पुढे एकच मतपत्रिका आली, त्यानंतर मतदान यंत्र आले. परंतु नावाशेजारी चिन्ह ही रचना कायम राहिली. २०१३ मध्ये ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय उपलब्ध झाला. त्यासाठी अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेने मतपत्रिकेवर फुली असे चिन्ह तयार केले व ते २०१५ पासून वापरात आले. नकारासारखी अमूर्त कल्पना चित्रात आणणे किती अवघड असते, हे त्यावरून लक्षात येते.

खाद्यपदार्थांच्या वेष्टनावरील चिन्हांचा अनुभवही बोधप्रद आहे. शाकाहारासाठी हिरवे वर्तुळ आणि मांसाहारासाठी तपकिरी वर्तुळ अशी पूर्वीची योजना होती. दोन्ही आकार सारखेच असल्याने रंगांधळ्या व्यक्तीला त्यांतील भेद कळत नसे. २०२० च्या नियमांनुसार मांसाहाराच्या चिन्हात वर्तुळाऐवजी त्रिकोण आला. केवळ रंगावर विसंबून अर्थ सांगू नये, हे तत्त्व येथे मान्य झाले.

अर्थबोधाची कसोटी

चिन्ह सुबक असणे पुरेसे नाही. ते समजले पाहिजे. किरणोत्सर्गाचे तीन पाकळ्यांचे चिन्ह १९४६ मध्ये अमेरिकेतील बर्कली येथे तयार झाले. शास्त्रज्ञांना ते परिचित आहे. परंतु ते कशाचेही चित्र नसल्याने इतरांना त्यातून काहीच कळत नाही. १९८७ मध्ये ब्राझीलमधील गोयानिया शहरात एका बंद पडलेल्या रुग्णालयातील उपचारयंत्र भंगारात गेले, फोडले गेले आणि सीझियम-१३७ मुळे चौघांचा मृत्यू झाला. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० असलेले जुने उपकरण आले. तेथेही एकाचा मृत्यू झाला व अनेकांना इजा झाली.

दरम्यान आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था व आंतरराष्ट्रीय मानक संघटना यांनी फेब्रुवारी २००७ मध्ये एक पूरक चिन्ह जाहीर केले होते. लाल त्रिकोणात वरून येणारे किरण, कवटी आणि दूर पळणारी व्यक्ती असे त्याचे स्वरूप आहे. जाहीर करण्यापूर्वी भारतासह ११ देशांतील १,६५० व्यक्तींना ते दाखवून त्याची चाचणी घेण्यात आली. ते उपकरणाच्या आतील भागात लावावयाचे असते, म्हणजे ते उघडू पाहणाऱ्याला वेळीच दिसावे. हाताशी हातोडा असलेल्या माणसाला एका क्षणात थांबविणे, एवढेच त्या चिन्हाचे काम आहे.

अशा चाचण्यांसाठी निकष ठरलेले आहेत. अमेरिकेतील सुरक्षाचिन्हांच्या मानकानुसार किमान ८५ टक्के व्यक्तींनी चिन्हाचा अर्थ बरोबर सांगितला पाहिजे आणि घातक गैरसमज करून घेणाऱ्यांचे प्रमाण ५ टक्क्यांहून अधिक नसावे. चाचणीत कोणाला विचारले, हेही महत्त्वाचे आहे. शहरी, सुशिक्षित तरुणांनी ओळखलेले चिन्ह आदिवासी पाड्यावरील वृद्धेला समजेलच असे नाही.

पुढील दिशा

वरील विवेचनावरून काही सूत्रे मांडता येतात. पहिले, चिन्ह हे अक्षराला पर्याय नसून त्याचे साहाय्यक आहे. पाणी, शौचालय, रुग्णवाहिका, बसथांबा या गोष्टी चित्रात सांगता येतात. पात्रतेच्या अटी, मुदत व अपिलाचा अधिकार शब्दांतच सांगावा लागतो. दुसरे, प्रमुख भारतीय लिप्यांशी जुळणारा, मुक्त परवान्याचा सार्वजनिक सेवाचिन्हांचा संच उपलब्ध झाल्यास ग्रामपंचायतीपासून विमानतळापर्यंत एकच चिन्ह एकाच अर्थाने वापरता येईल. तिसरे, प्रत्येक चिन्हामागे युनिकोडमधील मान्य क्रमांक किंवा वाचनीय शब्द असावा. चौथे, वापरापूर्वी निरनिराळ्या राज्यांतील, निरनिराळ्या वयोगटांतील आणि विशेषतः निरक्षर व दिव्यांग नागरिकांकडून चाचणी व्हावी. पाचवे, फलक लावल्यानंतर त्याची देखभाल व्हावी. विभाग हलला आणि फलक तसाच राहिला, तर सर्वोत्तम चिन्हही दिशाभूल करते.

प्रशासनात प्रवेश करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हाती उद्या फलकांच्या निविदा, अर्जांचे नमुने आणि जनजागृतीचे तक्ते मंजुरीसाठी येतील. फॉन्ट कोणता आणि चिन्ह कोणते, हा प्रश्न त्या वेळी मुद्रकाच्या मर्जीवर सोडला जाण्याची शक्यता असते. त्या क्षणी रुग्णालयाच्या दारात मुलाला कडेवर घेऊन उभा असलेला तो मजूर आठवावा. त्याला कोणालाही न विचारता योग्य खिडकीपर्यंत जाता आले, तर त्या फलकाने आपले काम केले असे म्हणता येईल.